आउगुस्ट झांडर : ऑर्डरचे फोटो आणि आयुष्यभराचे काम

आउगुस्ट झांडर (१८७६–१९६४) हा जर्मनीतील कोलोन शहरात स्टुडिओ चालवणारा छायाचित्रकार. कुटुंबांचे फोटो, वकील-डॉक्टरांची व्यक्तिचित्रे, ओळखपत्रांचे फोटो, इमारती, कारखाने, जाहिराती अशी जी कामे येतील ती घेऊन त्याने प्रपंच चालवला. छायाचित्रकलेच्या इतिहासात मात्र त्याचे नाव आहे ते ‘विसाव्या शतकातील माणसे’ या प्रकल्पामुळे. जर्मन समाजाच्या सगळ्या थरांची व्यक्तिचित्रे एका क्रमात लावायची, असा हा प्रकल्प होता. तो कोणी सांगितला नव्हता, त्याचे पैसे कोणी देणार नव्हते, आणि झांडरच्या हयातीत तो पुरा झालाही नाही.

पोटासाठी केलेले काम एका कपाटात आणि मनासाठी केलेले दुसऱ्या कपाटात, अशी वाटणी पुष्कळ छायाचित्रकारांच्या बाबतीत करता येते. झांडरच्या बाबतीत ती टिकत नाही. त्याच्या प्रकल्पातील कित्येक प्रसिद्ध चित्रे मुळात गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून काढलेली आहेत. उलट, जी त्याने आपणहून काढली त्यांतही गिऱ्हाइकाला मिळते तशीच वागणूक समोरच्या माणसाला मिळालेली दिसते. या दोन कामांमधली ये-जा समजली की झांडर समजायला सोपा जातो.

त्याचा जन्म कोलोनच्या पूर्वेला असलेल्या हेरडॉर्फ या गावचा. हा लोखंडाच्या खाणींचा मुलूख. वडील खाणीत सुतारकाम करीत आणि घरची थोडी शेती होती. शाळा संपल्यावर मुलगाही खाणीवरच कामाला लागला. खाणीचे फोटो काढायला आलेल्या एका छायाचित्रकाराला वाट दाखवण्याचे काम त्याच्याकडे आले आणि कॅमेऱ्यातून पाहायला मिळाले, तिथून त्याचा नाद सुरू झाला. एका काकाने कॅमेऱ्यासाठी पैसे दिले. ट्रिअरला लष्करी नोकरी करता करता तो तिथल्या स्टुडिओत हात बसवत होता. १९०१ मध्ये तो ऑस्ट्रियातील लिंझ शहरी एका स्टुडिओत नोकरीला लागला, पुढे त्यात भागीदार झाला आणि १९०४ पासून एकटाच मालक. तेव्हाच्या फॅशनप्रमाणे फोटो चित्रासारखा धूसर दिसेल, ब्रशचा हात फिरल्यासारखा वाटेल, अशा गम प्रिंट तो करीत असे. त्यांना प्रदर्शनांत बक्षिसेही मिळाली. या काळाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे थोडेच आहे. हात उत्तम तयार झालेला होता, पण नजर अजून इतरांसारखीच होती.

१९१० च्या सुमारास तो बायकोमुलांसह कोलोनला आला आणि लिंडेनथाल या उपनगरात त्याने स्टुडिओ थाटला. नव्या शहरात गिऱ्हाईक जमायला वेळ लागतो. झांडरने त्यावर उपाय शोधला तो आपल्या मुलुखाजवळच्या वेस्टरवाल्डमध्ये. या डोंगराळ पट्ट्यातल्या खेड्यांत स्टुडिओ नव्हते आणि झांडरला तिथली बोली, तिथली माणसे, त्यांची रीत ठाऊक होती. रविवारी कॅमेरा, तिकाटणे आणि काचेच्या प्लेटा सायकलवर लादून तो गावोगाव फिरू लागला. फोटो काढायचा, ऑर्डर लिहून घ्यायची, प्रिंट करून पाठवायच्या, असा साधा व्यवहार होता.

या फेऱ्यांतले फोटो एका ठरावीक शिस्तीचे आहेत. घरातल्या खुर्च्या बाहेर आणलेल्या असतात, पाठीमागे रान किंवा घराची भिंत. म्हातारा-म्हातारी काळ्या सणाच्या कपड्यांत, हातात प्रार्थनेचे पुस्तक किंवा काठी. प्लेटांची प्रकाशाला दाद देण्याची गती मंद, त्यामुळे माणसाला बराच वेळ स्थिर राहावे लागे. एवढा वेळ कोणी हसू टिकवू शकत नाही. चेहरा आपोआप त्या माणसाच्या नेहमीच्या गंभीरपणावर येऊन थांबतो. हात मांडीवर टेकतात, बोटे घट्ट मिटतात. झांडरच्या शेतकऱ्यांत जे भारदस्तपण दिसते, ते काही अंशी या तंत्राचे देणे आहे. उरलेले त्या माणसांचे स्वतःचे: फोटो त्यांनी सांगितलेला होता, पैसे ते देणार होते, तो भिंतीवर लागणार होता, म्हणून आपण कसे दिसावे हे त्यांनीच ठरवले होते. छायाचित्रकाराने त्यात ढवळाढवळ केली नाही, हा त्याचा मोठा गुण.

याच मुलुखातला १९१४ चा फोटो म्हणजे ‘तरुण शेतकरी’. तीन तरुण मातीच्या वाटेवर उभे आहेत. अंगात गडद सूट, डोक्यावर हॅट, हातात काठ्या. एकाच्या ओठांत सिगारेट आहे. तिघांचे पाय पुढच्या दिशेला आणि माना कॅमेऱ्याकडे वळलेल्या, म्हणजे चालता चालता कोणी हाक मारली आणि थांबले, असे वाटावे. प्रत्यक्षात जड कॅमेऱ्यासमोर अशी स्थिती मुद्दाम घ्यावी लागते. पाठीमागचे क्षितिज धूसर आहे आणि तिघे त्यापुढे कोरल्यासारखे स्वच्छ उठून दिसतात. हे नाचाच्या कार्यक्रमाला निघाले आहेत, असे या फोटोबरोबर नेहमी सांगितले जाते. त्याच उन्हाळ्यात महायुद्ध सुरू झाले आणि तिघांपैकी एक त्यात मारला गेला.

या एका फोटोवर जेवढे लिहिले गेले तेवढे झांडरच्या दुसऱ्या कोणत्याही फोटोवर नसेल. इंग्रज लेखक जॉन बर्जर याने १९७९ मध्ये त्यातल्या सुटांवरच एक निबंध लिहिला. बैठ्या कामाच्या, खुर्चीत बसून हुकूम देणाऱ्या वर्गासाठी बेतलेला पोशाख कष्टाने घडलेल्या अंगावर चढला की ते अंग बेढब दिसू लागते, असा त्याचा मुद्दा. अमेरिकन कादंबरीकार रिचर्ड पॉवर्स याची १९८५ ची पहिली कादंबरी याच तिघांवरून सुचलेली. पुढे संशोधकांनी त्या तरुणांची नावे शोधून काढली तेव्हा कळले की त्यांची रोजी शेतीवर नव्हतीच, लोखंडाच्या खाणीवर होती. म्हणजे ‘शेतकरी’ हे नाव त्यांच्या धंद्याचे नाही, झांडरने आपल्या मांडणीसाठी त्यांना दिलेल्या जागेचे आहे. चित्राची ताकद त्यामुळे कमी होत नाही. पण ऑर्डरचा फोटो प्रकल्पात शिरताना त्याचे काय होते, ते इथे लख्ख दिसते. माणसाचे नाव गळते, त्याच्या जागी प्रकाराचे नाव येते, आणि ते नाव चुकूही शकते.

हे शिरणे नेमके केव्हा झाले? महायुद्धाची चार वर्षे झांडर सैन्यात होता. स्टुडिओ त्याची बायको आना हिने चालवला. परत आल्यावर तो कोलोनच्या पुरोगामी चित्रकारांच्या गटात वावरू लागला. फ्रांझ विल्हेल्म झायवर्ट हा त्यातला प्रमुख. चित्रात नटवेपणा नको, समाजाची घडण उघड दिसली पाहिजे, असा त्या मंडळींचा आग्रह. याच सुमारास झांडरने गम प्रिंटचा मऊ कागद सोडून कारखाने आणि यंत्रांच्या फोटोंसाठी वापरला जाणारा गुळगुळीत, चकचकीत कागद घेतला. त्यावर कातडीची प्रत्येक सुरकुती आणि कोटाचा प्रत्येक धागा उमटतो. मग त्याने जुन्या प्लेटा काढल्या. वेस्टरवाल्डच्या म्हाताऱ्यांचे गिऱ्हाइकांसाठी काढलेले फोटो, कधी नुसता चेहरा ठेवून, या नव्या कागदावर उतरवले. त्यातल्या बारांचा एक संच केला आणि ‘मातीतला माणूस’, ‘तत्त्वज्ञ’, ‘लढवय्या’ अशी नावे देऊन तो सगळ्या प्रकल्पाचा पाया ठरवला. कॅमेऱ्याचे बटण दाबताना हे काम ऑर्डरचेच होते. दहा-पंधरा वर्षांनी कागद बदलला, कातर बदलली, शेजार बदलला, तेव्हा ते त्याचे स्वतःचे झाले.

१९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आराखडा तयार होता. सात गट : शेतकरी, कारागीर, स्त्री, वर्ग आणि पेशे, कलावंत, महानगर आणि शेवटची माणसे. प्रत्येक गटात काही संच, प्रत्येक संचात बारा फोटो, एकूण पंचेचाळीस संच. समाज मातीपासून सुरू होतो, शहरात कळसाला जातो आणि आंधळे, अपंग, मरणाच्या दारातले यांच्यापाशी येऊन थांबतो, असा त्याचा चढउतार. हा विचार त्या काळीही जुनाटच होता. कारखान्यांनी आणि महागाईने उलथून टाकलेल्या देशाला जुन्या कारागीर-पंथांच्या चौकटीत बसवू पाहणारा. ‘स्त्री’ हा वेगळा गट करणे तर आज सरळ खटकते. त्यात बायका बहुतांशी कोणाच्या तरी पत्नी किंवा आई म्हणून येतात. सुदैवाने फोटो आराखड्याचे फारसे ऐकत नाहीत.

याचे उत्तम उदाहरण त्या गटातच आहे. चित्रकार पीटर आबेलेनने १९२६ मध्ये आपल्या तरुण पत्नीचा फोटो झांडरला सांगितला. हेलेने आबेलेन पांढऱ्या शर्टात आणि सैल, विजारीसारख्या वस्त्रात उभी आहे. केस पुरुषासारखे आखूड आणि मागे चापून बसवलेले, दातांत सिगारेट, हातात काडेपेटी, काडी ओढण्याच्या बेतात. अंग ताणलेले, नजर थेट. फोटोचे नाव ‘चित्रकाराची पत्नी’. ते नाव आणि ती बाई यांचा एकमेकांशी काही मेळ बसत नाही, आणि पाहणाऱ्याच्या मनात राहते ती बाईच. हासुद्धा ऑर्डरचाच फोटो.

याच गटात झांडरच्या घरातला एक फोटो आहे. १९११ मध्ये आनाला जुळे झाले, त्यातला मुलगा गेला, मुलगी जगली. आईच्या दोन हातांवर दोन्ही बाळे आहेत, एक जिवंत, एक मेलेले. ‘माझी पत्नी, आनंदात आणि दुःखात’ असे झांडरने त्याला नाव दिले. स्वतःच्या घरालाही त्याने गिऱ्हाइकांच्याच ओळीत, त्याच सरळ उजेडात आणि त्याच अंतरावर उभे केले. प्रकल्पात सवलत कोणालाच नाही.

१९२८ चा ‘मिठाईवाला’ हा बहुधा सर्वांत ओळखीचा फोटो. टक्कल पडलेला, गोल अंगाचा, पांढऱ्या डगल्यातला हा माणूस आपल्या भटारखान्यात उभा आहे. एक हात मोठ्या भांड्याच्या कानावर, दुसऱ्यात ढवळणी. काम करतानाचा फोटो म्हणावा तर काम थांबलेले आहे. त्याने कॅमेऱ्याकडे पाहण्यासाठी ते थांबवले आहे, आणि पाहण्यात कुठेही लीनता नाही. त्याच वर्षीचा वीटकरी हमाल खांद्यावर विटांचा ढीग तोलून अशाच तोऱ्यात उभा आहे. त्याच वर्षीचा बेकार माणूस हॅट हातात धरून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा आहे. त्याच्यापाशी तोरा उरलेला नाही, पण उभे राहायला त्याला तेवढाच वेळ आणि तेवढीच जागा मिळाली आहे.

झांडरच्या स्वतःच्या कामाचे मर्म इथे आहे. हमाल, बेकार, रस्त्यावरचे वादक, सर्कशीच्या तंबूतले कामगार, आंधळ्यांच्या शाळेतली मुले यांतले कोणीही स्टुडिओत येऊन फोटो सांगणाऱ्यांपैकी नव्हते. त्या काळात हातात मावणारे नवे कॅमेरे आले होते आणि माणसाला नकळत टिपण्याची मोठी हौस सुरू झाली होती. झांडरने ती वाट घेतली नाही. मोठा कॅमेरा, तिकाटणे, १३ × १८ सेंटीमीटरची काचेची प्लेट, हीच सामग्री घेऊन तो या माणसांपुढे उभा राहिला. त्यांना आपण टिपले जात आहोत हे ठाऊक असे. ते कपडे नीट करीत, ताठ होत, हात कुठे ठेवायचे ते ठरवीत. पैसे मोजणाऱ्या नोटरीला स्वतःचे रूप ठरवण्याचा जो हक्क आपसूक मिळतो, तो झांडरने पैसे नसलेल्यांनाही दिला. गरिबांचे फोटो त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर पुष्कळांनी काढले आहेत. त्यांना गिऱ्हाइकाचा मान देणारे थोडेच.

१९२७ मध्ये कोलोनच्या कला मंडळात या कामाचे पहिले मोठे प्रदर्शन झाले. १९२९ मध्ये साठ फोटोंचे ‘आंटलिट्झ डेर त्साइट’ म्हणजे ‘काळाचा चेहरा’ हे पुस्तक कुर्ट वोल्फच्या म्युनिकच्या प्रकाशनसंस्थेने काढले. प्रस्तावना कादंबरीकार आल्फ्रेड ड्योब्लिनची. अनेक देहांची तुलना करून शरीरशास्त्र तयार होते तसे हे अनेक चेहऱ्यांच्या तुलनेतून तयार झालेले समाजशास्त्र आहे, असे त्याने मांडले. १९३१ मध्ये जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिनने छायाचित्रकलेच्या इतिहासावरील निबंधात या पुस्तकाची दखल घेतली. सत्ता हातोहात बदलण्याच्या काळात माणसाचा चेहरा वाचता येणे ही गरज होणार आहे आणि हे पुस्तक त्याचा सराव देते, असा त्याचा अभिप्राय. त्याच वर्षी अमेरिकेत छायाचित्रकार वॉकर इव्हान्सनेही त्याची प्रशंसा केली. झांडर स्वतः त्या वर्षी कोलोनच्या रेडिओवर छायाचित्रकलेविषयी सहा व्याख्याने देत होता.

बेंजामिनचे म्हणणे दोनच वर्षांत खरे ठरले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. झांडरचा थोरला मुलगा एरिश समाजवादी पक्षाचा कार्यकर्ता होता. १९३४ मध्ये त्याला पकडून दहा वर्षांची शिक्षा झाली. १९३६ मध्ये ‘काळाचा चेहरा’चे छपाईचे ठसे नष्ट करण्यात आले आणि उरलेल्या प्रती जप्त झाल्या. कारण म्हणून कोणी मुलाचे राजकारण सांगतात, कोणी फोटोंमधला विविध, बेशिस्त, कुठल्याही शुद्ध वंशाच्या चौकटीत न बसणारा जर्मन समाज. दोन्ही कारणे पुरेशी होती. झांडरने नंतर ऱ्हाइनकाठचे डोंगर, रान, जुने कोलोन यांचे फोटो काढण्याकडे बराच वेळ वळवला. पण स्टुडिओ बंद केला नाही, करणे परवडणारेही नव्हते.

आणि स्टुडिओ चालू होता म्हणूनच त्याच्या कामातला सर्वांत जड भाग तयार झाला. गणवेशातले नाझी फोटो काढायला येत. १९३७ चा एसएस कॅप्टनचा फोटो त्यातला. झांडरने त्यांनाही नेहमीप्रमाणेच उभे केले. ना विद्रूप केले, ना उंच केले. पाठोपाठ दुसरी गिऱ्हाइके आली. जुलै १९३८ च्या हुकुमाने ज्यूंना खास ओळखपत्र काढणे सक्तीचे झाले. त्यावर ‘जे’ हे अक्षर आणि फोटो लागे, आणि फोटोत डावा कान दिसला पाहिजे असा नियम होता. कोलोनचे ज्यू नागरिक झांडरकडे आले ते अशा कामासाठी. काही फोटोंत चेहरा किंचित वळलेला आणि नजर बाजूला आहे, त्यामागे कलेची दृष्टी किती आणि सरकारी नियम किती हे वेगळे काढता येत नाही. चांगल्या कपड्यांतली, नीट केस विंचरलेली, वयस्क माणसे. यापेक्षा अधिक सक्तीची ऑर्डर असू शकत नाही : इथे फोटो काढणाऱ्यानेही तो मागितला नव्हता आणि काढून घेणाऱ्यानेही.

युद्धानंतर झांडरने यातले बारा निवडले आणि ‘छळ झालेले’ या नावाने ‘महानगर’ या गटात संच केला. नाझींचा संच ‘वर्ग आणि पेशे’ या गटात आहे. अलीकडच्या संशोधनाने त्या बारांपैकी अनेकांची नावे शोधली आहेत. काहींचा शेवट नाझी छळछावण्यांत झाला. २०१८ मध्ये पॅरिसच्या शोआ (ज्यू-संहार) स्मारकात छळणारे आणि छळलेले यांचे हे फोटो शेजारी शेजारी दाखवले गेले. दोघांनाही समान उजेड देणे हा दोष आहे काय, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभे राहिले की पडतो. झांडरने कसलाही शेरा लिहिला नाही. त्याने जागा ठरवल्या, म्हणजे छळणारा पेशांच्या यादीत एक पेशा म्हणून आणि छळलेले शहराचे रहिवासी म्हणून. त्याच्या रीतीत निकाल देण्याची हीच सोय होती, आणि त्याने ती नेमकी वापरली.

‘राजकीय कैदी’ हा संच ‘महानगर’ गटातच ‘छळ झालेले’च्या शेजारी आहे. त्यातले फोटो बापाचे नाहीत, मुलाचे. झीगबुर्गच्या तुरुंगात एरिशला कैद्यांचे फोटो काढण्याचे काम मिळाले होते. तिथले काही फोटो बाहेर पोचले. शिक्षा संपायला काही महिने उरले असताना मार्च १९४४ मध्ये अपेंडिक्सवर वेळेत उपचार न झाल्याने एरिश तुरुंगात वारला. झांडरने त्याच्या मृत्युमुखवट्याचा फोटो काढला आणि तोही प्रकल्पात ठेवला.

१९४२ पासून झांडरने निवडक निगेटिव्ह वेस्टरवाल्डमधल्या कुखहाउझेन या खेड्यात हलवायला सुरुवात केली होती. ज्या मुलुखात तो रविवारी गिऱ्हाइके शोधत फिरला, तिथेच त्याने आसरा घेतला. १९४४ मध्ये कोलोनचा स्टुडिओ बाँबहल्ल्यात गेला. तळघरातल्या प्लेटा वाचल्या होत्या, पण १९४६ मध्ये तिथे आग लागून २५,००० ते ३०,००० निगेटिव्ह जळाल्या. निवडीबाहेर राहिलेले स्टुडिओचे रोजचे काम त्यात फार मोठ्या प्रमाणात गेले. आज झांडरचा विचार करताना हे विसरून चालत नाही. त्याच्या ऑर्डरच्या कामाची संपूर्ण व्याप्ती आता कोणालाच पाहता येणार नाही. जे दिसते ते मुख्यत्वे त्याने स्वतः वेचलेले आहे.

उरलेली वर्षे त्याने खेड्यातच जुन्या प्लेटांच्या नव्या प्रिंट काढण्यात आणि संच लावण्यात घालवली. जुन्या कोलोनचे फोटो १९५३ मध्ये कोलोन शहराने विकत घेतले. १९५५ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनने न्यूयॉर्कच्या ‘फॅमिली ऑफ मॅन’ या प्रदर्शनात त्याचे काम घेतले. एप्रिल १९६४ मध्ये झांडरचे निधन झाले, तेव्हा संच अपुरेच होते. डायान आर्बस, बेर्न्ड आणि हिला बेशर यांच्यासारख्या पुढच्या छायाचित्रकारांवर त्याचा ठसा दिसतो.

१९९२ पासून झांडरचा संग्रह कोलोनच्या एसके संस्कृती प्रतिष्ठानाकडे आहे. दहा हजारांवर निगेटिव्ह त्यात आहेत. झांडरचा नातू गेर्ड आणि तिथल्या अभ्यासकांनी त्याच्या याद्या आणि टिपणांवरून ‘विसाव्या शतकातील माणसे’ची पुनर्रचना केली. ती २००२ मध्ये सात खंडांत प्रसिद्ध झाली, एकूण ६१९ फोटोंची. काही संचांत बारापेक्षा जास्त फोटो आहेत, काहींत कमी. झांडरचा क्रम जिथे कळतो तिथे तो पाळला आहे आणि जिथे कळत नाही तिथे संपादकांनी ठरवला आहे. शीर्षकांत जमेल तिथे धंद्याच्या नावापुढे माणसाचे नावही कंसात दिलेले आहे.